समुद्रकाठचा एक दिवस

दारव्हा हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. पूर्वेकडे जावे किंवा पश्चिमेकडे, सरळ रेषेत मोजले तरी समुद्र पाचशे किलोमीटरांच्या आत कोठेही लागत नाही. येथील मुलांनी कपाशीची आणि तुरीची शेते पाहिलेली असतात, तुडुंब भरलेल्या विहिरी पाहिलेल्या असतात, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी पाहिलेली असते. परंतु ज्याचा पैलतीर दिसत नाही असे पाणी त्यांच्यापैकी पुष्कळांनी केवळ चित्रातच पाहिलेले असते. म्हणून शाळेची सहल कोकणात जाणार असे कळले, की त्यांच्या आनंदाला पारावार राहत नाही. हा आनंद स्वाभाविक आहे, आणि तो प्रत्येक मुलाला एकदा तरी लाभला पाहिजे. मात्र तो निर्विघ्नपणे लाभावा असे वाटत असेल, तर समुद्रकाठचा दिवस समुद्रावर पोहोचण्यापूर्वी, घरीच आखला पाहिजे. आणि तो माणसांच्या घाईनुसार नव्हे, तर समुद्राच्या नियमानुसार आखला पाहिजे.

हा उपदेश कोणास अनावश्यक वाटेल. पाण्यात खेळायला आखणी कशाला हवी, असा प्रश्न मुले विचारतील. त्याचे उत्तर दुःखद आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. ते वादळाचे दिवस नव्हते, पावसाळाही नव्हता. तरुण, सुशिक्षित मुलांच्या बाबतीत असे घडू शकते, तर ज्यांनी समुद्र कधी पाहिलाच नाही त्यांनी अधिक सावध असावे, हे उघड आहे.

विहिरीत सूर मारणाऱ्या मुलाला आपण पट्टीचे पोहणारे आहोत असे वाटत असते. पण विहिरीचे पाणी स्थिर असते. नदीचे पाणी वाहते, तरी ते एकाच दिशेने वाहते. समुद्राचे पाणी पुढे येते, मागे जाते, चढते आणि उतरते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी ही चढउतार चार मीटरांहूनही अधिक असते. म्हणजे सकाळी जेथे मुले वाळूचे किल्ले बांधतात, तेथेच दुपारी घराच्या छपराएवढे पाणी असू शकते. विहिरीतील शौर्य येथे उपयोगी पडत नाही. येथे ज्ञानच उपयोगी पडते.

हे ज्ञान मिळवण्यासाठी दारव्हा सोडण्याचीही गरज नाही. कोकणातील लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून सुमारे तीन वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सुमारे सहा वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी आणि ओहोटीनंतर तितक्याच वेळाने पुन्हा भरती, असा हा क्रम अखंड चालतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून त्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते. ते उधाण होय. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार कमी असते. तिला भांगाची भरती म्हणतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. तेव्हा सहलीच्या दिवशी समुद्र केव्हा चढेल व केव्हा उतरेल, हे सहावी-सातवीच्या मुलांनी वर्गातच काढून पाहावे. हा हिशेब अंदाजाचा आहे. म्हणून भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी तो ताडून पाहावा आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर तेथील कोळी बांधवांना विचारावे. त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

समजा, सहलीचा दिवस षष्ठीचा आहे. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पूर्ण भरती पहाटे साडेचारला व दुपारी साडेचारला, आणि पूर्ण ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमारास. एवढे कळले, की दिवसाची रेखा आपोआप उमटते. सकाळी पाणी उतरत असते आणि स्वतःबरोबर माणसालाही आत ओढते, म्हणून त्या वेळी पाण्यात उतरू नये. पण ओल्या वाळूवरून चालण्यास, शिंपले व खेकड्यांची बिळे पाहण्यास हीच वेळ उत्तम. खडकांवर गेलेल्यांनी पाणी पुन्हा चढू लागण्यापूर्वी परतावे. नाही तर खडकाला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. मध्यान्ही सावलीत जेवण व विश्रांती घ्यावी. दुपारी ऊन उतरल्यावर, भरती पुरी होण्याच्या सुमारास, शिक्षकांच्या नजरेसमोर गुडघाभर पाण्यात मनसोक्त खेळावे. आणि पाणी उतरू लागण्यापूर्वीच बाहेर यावे.

गुडघाभर पाण्याची ही मर्यादा भित्रेपणाची नव्हे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना कधीकधी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत जाते. गंमत अशी, की ही वाट वरून शांत दिसते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून अजाण माणूस नेमका तेथेच उतरतो. या ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध झगडू नये, कारण त्यात शक्ती संपते. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या वाटेबाहेर पडावे आणि मग किनाऱ्याकडे वळावे. बुडणाऱ्या मित्रामागे उडी घेणे हे धाडस दिसते; पण त्यामुळे एकाच्या जागी दोघांचा जीव धोक्यात येतो. दोर किंवा रिकामा बंद डबा त्याच्याकडे फेकावा आणि मोठ्या माणसांना ओरडून बोलवावे. पावसाळ्यात तर समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले, त्यांच्या नौका जेव्हा किनाऱ्यावर विसावतात, तेव्हा पाहुण्यांनी दुरूनच नमस्कार करावा, हे शहाणपणाचे.

उन्हाच्या बाबतीतही विदर्भातील मुलांची फसगत होते. त्यांना वैशाखातील कोरडे ऊन ठाऊक असते. ते अंगाला भाजते, म्हणून माणूस आपोआप सावली शोधतो. समुद्रावर वारा गार लागतो, त्यामुळे उन्हाचा चटका जाणवत नाही. पण ऊन आपले काम करीतच असते, आणि पाणी व वाळू यांवरून परावर्तित होऊन ते खालूनही चेहऱ्यावर येते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. यासाठी डोक्यावर टोपी किंवा रुमाल असावा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा असावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; ते पाणी तहान भागवीत नाही, उलट वाढवते. बरोबर लिंबू, मीठ व साखर यांचे सरबत असावे. शिदोरीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, लाडू हे घरचे जिन्नस प्रवासात टिकतात आणि पोटाला सोसतात.

येथे पालकांचा एक आक्षेप येतो. ते म्हणतात, "एवढा खर्च करून एवढ्या दूर जायचे, तर चार किल्ले, दोन देवळे आणि तीन किनारे पाहून का येऊ नये?" हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण सहलीतील पुष्कळ कष्ट याच हिशेबातून जन्म घेतात. रात्रभराहून अधिक प्रवास करून मुले अर्धवट झोपेत उतरतात, पुढच्या ठिकाणी जाण्याची घाई असते, म्हणून पाणी चढते आहे की उतरते आहे हे न पाहता ती भर दुपारी, रिकाम्या पोटी लाटांत शिरतात. एका ठिकाणी अर्धा तास घालवणारा समुद्र पाहतो. दिवसभर राहणाऱ्याला समुद्र समजतो. त्याला ओहोटी दिसते आणि भरतीही दिसते. अडाण नदीचे पाणी पैनगंगेत, तेथून वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्यावाटे बंगालच्या उपसागरात जाते, आणि येथे समोर आहे तो अरबी समुद्र, हा विचार करण्यास त्याला उसंत मिळते. एका दिवसाला एकच किनारा, हा नियम शाळांनी स्वीकारावा.

दुसरा आक्षेप मुलांचा असतो: एवढे नियम पाळायचे, तर मौज कोठे उरली? पण खेळालाही नियम असतात, आणि नियमांनी हुतूतू कधी बेचव झालेला नाही. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवावे, शिट्टी वाजताच सर्वांनी बाहेर येऊन मोजणी द्यावी. मग मधला सारा वेळ निश्चिंत होतो. ज्याच्या मनात धास्ती नाही, तोच मोकळेपणाने हसतो. किनारा सोडताना आपला कचरा बरोबर न्यावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या काही किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात, आणि वाळू ही त्यांचे घर आहे.

मुलांना समुद्रापासून दूर ठेवणे हा अपघातावरील उपाय नव्हे. भयाने घरी बसलेले मूल सुरक्षित राहते, पण अजाणही राहते. मुलांना समुद्र अवश्य दाखवावा. मात्र त्याआधी त्यांच्या हाती दिनदर्शिका द्यावी आणि तिथीची पाऊणपट करायला शिकवावे.