प्रगतिपुस्तक आणि वही

प्रगतिपुस्तक हाती पडले, की अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचे पाय घराकडे वळेनासे होतात. मुलांनो, मी कित्येक वर्षे ती पुस्तके वाटली. तरी त्यांतील आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. एक तर ते सत्र सरल्यावर घरी पोहोचतात. शिवाय ‘गणित : १०० पैकी २८’ एवढ्यावरून वडिलांनी काय ओळखावे? ते रागावतात, आई खिन्न होते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

ते दुखणे वहीत दिसते. ५०३ मधून २६८ वजा करताना आमचा एक विद्यार्थी ३६५ असे उत्तर लिही. आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. एके दिवशी त्याची आई वही घेऊन शाळेत आली, तेव्हा कोठे आम्ही ती नीट पाहिली. हा मुलगा प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत होता. हातच्याची वजाबाकी त्याला कधी कळलीच नव्हती! आठवडाभरात तो २३५ हे उत्तर बिनचूक काढू लागला.

शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना सांगावी, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. ते योग्यच होय. परंतु मजुरी बुडवून बैठकीला येणे सर्वांनाच साधत नाही, आणि त्यांना दोष देणे मला पटत नाही. अशा घरी मुलानेच वही उघडून, “हे मला येत नाही,” असे सांगावे.

आईवडिलांना अक्षरओळख नसली तर? तरीही दाखवावी. त्या मुलाच्या आईलाही वाचता येत नव्हते; तिने केवळ तांबड्या खुणा मोजल्या होत्या.