शातोनफ-द्यू-पाप : एका नावाची घडण

मराठी कानाला हे नाव प्रथम दचकवतेच. परंतु त्यातल्या 'पाप'चा आपल्या पापपुण्याशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये पाप म्हणजे पोप आणि शातोनफ म्हणजे नवा किल्ला. 'पोपचा नवा किल्ला' हे दक्षिण फ्रान्समधल्या, ऱ्होन नदीजवळच्या एका लहान गावाचे नाव, आणि त्या गावाच्या तांबड्या वाइनचेही. या वाइनविषयी जे लिहिले जाते त्याचा आरंभ बहुधा ठरलेला असतो : चौदाव्या शतकात पोप आव्हिन्याँला आले, त्यांनी येथे द्राक्षमळे लावले आणि तेव्हापासून सातशे वर्षांची अखंड परंपरा चालत आली. आमचे म्हणणे असे की, ही 'अखंड परंपरा' आपण एखादी संहिता वाचतो तशी वाचावी. ती कोणी रचली, केव्हा रचली, कोणासाठी रचली, हे प्रश्न तिला विचारले की पोपमंडळी थोडी मागे सरकतात आणि काही कवी व एक वकील पुढे येतात.

पोपांचा भाग खोटा आहे असे नाही. १३०९ मध्ये पाचवा क्लेमंट आव्हिन्याँला आला. त्याच्यानंतरच्या बाविसाव्या जॉनने या टेकडीवर उन्हाळी निवासासाठी किल्ला बांधवला आणि भोवतालच्या द्राक्षशेतीला उत्तेजन दिले. पण पोपच्या दरबाराची आवड नेमकी कोणती होती? याचा एक साक्षीदार आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे पेत्रार्क. पाचव्या अर्बनला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली आहे की, कार्डिनल रोमला परतायला तयार नाहीत, कारण तिकडे बोनची वाइन मिळत नाही. बोन म्हणजे बरगंडी. तेथून बरेच उत्तरेला. घरच्या अंगणातल्या वाइनचा त्या तक्रारीत उल्लेखही नाही.

पुढची कित्येक शतके ही वाइन तशी अनामिकच राहिली. अठराव्या शतकात ती 'आव्हिन्याँची वाइन' या मोघम नावाने विकली जाई. एकोणिसाव्या शतकात तिची पिंपे बरगंडीला जात, तिथल्या फिक्या वाइनमध्ये मिसळून तिला जोर आणण्यासाठी. गावाचे नावदेखील तेव्हा शातोनफ-काल्सर्निए असे होते, आसपासच्या चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेले. अधिकृत दफ्तरात गाव 'पोपचे' झाले ते १८९३ मध्ये. म्हणजे आज ज्या नावाला प्राचीनतेचा दरवळ आहे ते नाव सरकारी कागदांपुरते तरी आपल्या 'केसरी'हून धाकटे आहे.

मग हा दरवळ आला कुठून? आमच्या मते मुख्यतः साहित्यातून. २१ मे १८५४ रोजी सात तरुण कवींनी प्रोव्हान्साल भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी 'फेलिब्रीज' ही संस्था स्थापन केली. तिचा अग्रणी फ्रेदेरिक मिस्त्राल. त्याला पुढे १९०४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या सातांतला एक, आन्सेल्म मात्यू, याच गावचा आणि घरचे द्राक्षमळे असलेला. त्याच्या मित्रमंडळीत ही वाइन मुरली, आणि त्या मंडळींचा फ्रेंचमध्ये लिहिणारा स्नेही अल्फाँस दोदे याने तिला फ्रान्सभर पोचवले. १८६९ च्या त्याच्या 'माझ्या गिरणीतील पत्रे' या संग्रहात पोपच्या खेचरीची गोष्ट आहे. त्यातला प्रेमळ पोप दर रविवारी स्वतः लावलेल्या शातोनफच्या मळ्यात जाऊन बसतो, परतल्यावर आपल्या लाडक्या खेचरीला साखर-मसाला घातलेली वाइन पाजतो. या पोपचे नाव बोनिफेस. आव्हिन्याँला सात पोप होऊन गेले. त्यांत बोनिफेस एकही नाही! इतिहासाने न दिलेला पोप कथेने दिला, आणि वाइनच्या प्रसिद्धीत तोच अधिक उपयोगी पडला.

कवींनी नाव दिले, पण नाव मोठे झाले की नकला होतात. त्याआधी १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळे कुरतडणारी कीड याच परिसरात, ऱ्होनच्या पलीकडच्या तीरावर, फ्रान्समध्ये प्रथम दिसली आणि तिने मळे उजाड केले. अमेरिकन मुळांवर कलमे करून द्राक्षे पुन्हा उभी राहिली; पण विसाव्या शतकाच्या आरंभी कुठलीही वाइन 'शातोनफ' म्हणून खपवली जाऊ लागली. १९२३ मध्ये शेतकरी बारों ल र्‍वा यांच्याकडे गेले. कायद्याचे पदवीधर, पहिल्या महायुद्धातले वैमानिक आणि लग्नामुळे एका मळ्याचे मालक झालेले हे गृहस्थ. त्यांनी नियमावली बांधली. तीतले एक कलम आम्हांला फार आवडते. जमीन कोणती घ्यावी? जिथे थाइम आणि लव्हेंडर उगवते ती. म्हणजे दुसऱ्या पिकाला नालायक, इतकी रुक्ष. याशिवाय ठरावीक जातींचीच द्राक्षे, दारूचे प्रमाण किमान साडेबारा टक्के, आणि तोडणीनंतर खराब मणी निवडून टाकणे सक्तीचे. याच पायावर १९३६ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या काही नियंत्रित नामाभिधानांत शातोनफ दाखल झाले. (नियम करण्याची गोडी गावाला अशी लागली की, १९५४ मध्ये महापौरांनी मळ्यांवर उडत्या तबकड्यांना उतरण्यास बंदी घातली. अद्याप उल्लंघन झालेले नाही.)

आता वाइनकडे. सुमारे ३,२०० हेक्टरांच्या या मुलखात तेरा जातींच्या द्राक्षांना परवानगी आहे. रंगभेद वेगळे मोजले तर अठरा. शातो द बोकास्तेल या सगळ्या जाती लावण्यासाठी प्रसिद्ध, तर शातो रायास जवळजवळ एकट्या ग्रनाशवर उभे. ग्रनाश हीच इथली मुख्य जात : रंगाने फार गडद नाही, पण उन्हात भरपूर साखर धरणारी. सिरा तिला रंग देते, मूर्वेद्र कणा देते. छायाचित्रांत नेहमी गोल, तळहाताएवढे गोटे दाखवतात, दिवसा तापून रात्री ऊब देणारे. ते आहेतच, पण रायासचा मळा मुख्यतः वाळूचा आहे आणि ती वाइन तर सर्वांत नाजूक समजली जाते. गोट्यांची कथाही, पोपच्या कथेसारखी, अर्धी वाचून सोडू नये. चांगल्या शातोनफमध्ये प्रथम पिकलेल्या तांबड्या फळांचा गोडवा जाणवतो, मग रानातल्या सुकल्या पाल्याचा वास, मिरीची धग. दहा-पंधरा वर्षांनी चामडे, अंजीर. दारूचे प्रमाण हल्ली सहज चौदा-पंधरा टक्के असते, आणि उन्हाळे तापत चालल्याने ते खाली ठेवणे ही उत्पादकांची खरी डोकेदुखी झाली आहे.

हिच्याबरोबर काय खावे? याचे उत्तर वाइनतज्ज्ञांआधी दोदेने देऊन ठेवले आहे. त्याच संग्रहात मिस्त्रालच्या घरच्या जेवणाचे वर्णन आहे : भाजलेले करडू, डोंगरी चीज, द्राक्षरस आटवून केलेला मुरंबा, अंजिरे, मस्कत द्राक्षे, आणि सोबत सुंदर गुलाबी रंगाची शातोनफ. तेव्हा तो 'पोपांचे' असे अनेकवचनी लिहितो. नाव अजून एकवचनात स्थिरावले नव्हते. आजही या यादीत फारसे सुधारण्यासारखे नाही. तिला जोडावे ते 'दोब', म्हणजे वाइनमध्ये संत्र्याची साल घालून तासन्‌तास मंदाग्नीवर शिजवलेले गोमांस. थाइम लावून भाजलेले कोकराचे मांस. हिवाळ्यात काळे ट्रफल. वाइन सोळा ते अठरा अंशांवर असावी. आपल्या 'खोलीच्या तापमानाला' ती नुसती जळजळते. तांबड्या रस्स्याबरोबर तर ती मांडूच नये. इतकी दारू तिखटाला आणखी पेटवते. बिनतिखटाच्या, मिरी-लसणावर परतलेल्या मटणाशी जमेल.

मिस्त्रालच्या त्या टेबलावर आणखी एक पदार्थ होता, प्रोव्हान्साल भाषा. जेवणाबरोबर मिस्त्रालने 'कालेंदाऊ' हे आपले नवे काव्य त्याच भाषेत वाचून दाखवले. टेबलावरची वाइन कायद्याने वाचली. तिची हद्द आखता येते, जाती मोजता येतात, दारूचे टक्के तपासता येतात. भाषेचे असे काही मोजता येत नाही, आणि ज्या प्रजासत्ताकाने पुढे वाइनला संरक्षण दिले त्याच्याच शाळांनी मुलांच्या तोंडून प्रोव्हान्साल काढून घेतली. १९५१ च्या कायद्याने ऐच्छिक विषय म्हणून तिला वर्गात थोडी जागा मिळाली, २००८ मध्ये प्रादेशिक भाषांना राज्यघटनेत 'वारसा' हे बिरूद मिळाले. युनेस्कोच्या यादीत मात्र ती संकटग्रस्तच आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर आमच्या विभागांतून पेढे वाटले गेले, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. पण दर्जा म्हणजे बाटलीवरची मोहोर, आणि प्रोव्हान्सालची गोष्ट आम्ही त्यानंतर पुन्हा काढून वाचली. मिस्त्राल स्वतः मोहोरेवर विसंबून राहिला नव्हता. त्याने दोन खंडांचा शब्दकोश एकहाती सिद्ध केला आणि नोबेलच्या पैशातून आर्लमधले आपले लोकजीवनाचे संग्रहालय मोठ्या वास्तूत नेले. ते आजही उघडे आहे. त्याचे नाव फ्रेंचमध्ये नव्हे, प्रोव्हान्सालमध्ये आहे : 'म्युझेऊन आर्लातेन'.