फुकटची गाडी

आधी कबुली देऊन टाकते. २०१५ साली मी एकाच भांडणात दोन्ही बाजूंनी सही केली होती. दोन्ही वेळा अगदी मनापासून. आणि दोन्ही वेळा न वाचता!

हसू नका. त्या वर्षी नोकरीत असलेल्या बऱ्याच जणांनी हेच केलं असणार, फक्त त्यांना आठवत नाही.

तर झालं असं... एप्रिल महिना, लंच अवर, डब्यात भेंडी. शेजारच्या डेस्कवरचा पोरगा खुर्ची सरकवत आला आणि म्हणाला, ‘‘ए, मेल टाकलीस का ट्रायला? इंटरनेट वाचवायचंय!’’ ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, एवढं माहीत होतं. तिला आपण मेल टाकायची असते, हे मात्र नवीनच होतं. त्याने एक व्हिडिओ दाखवला. एआयबीच्या पोरांनी केलेला, धमाल. आम्ही पोट धरून हसलो. खाली एक साइट होती, तिथे उत्तरं तयार होती. कॉपी, पेस्ट, सेंड. दोन मिनिटांत देशसेवा उरकून मी परत भेंडीकडे वळले.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं. ओरड झाली आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं गेलं. मग २७ मार्च २०१५ला ट्रायने ११८ पानांचा कन्सल्टेशन पेपर काढला. त्यात २० प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅप, स्काइपसारख्या सेवांना नियम लावायचे का, कंपन्यांनी वेगवेगळ्या अ‍ॅपला वेगवेगळा दर लावला तर चालेल का, वगैरे. उत्तरं द्यायची मुदत २४ एप्रिल. अधल्यामधल्या दिवसांत ‘एअरटेल झीरो’ आलं. म्हणजे अ‍ॅपवाल्या कंपनीने पैसे भरायचे आणि गिऱ्हाइकाने ते अ‍ॅप फुकट वापरायचं. फ्लिपकार्ट त्यात जाणार होती. लोक असे काही खवळले की १४ एप्रिलला तिने माघार घेतली.

नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द आपल्या तोंडी बसला तो तेव्हा. तो ऐकायला जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. घरात तुम्ही मिक्सर लावा की इस्त्री, महावितरण विचारायला येत नाही. युनिटचे पैसे घेते आणि गप्प बसते. नेटवाल्यांनीही तसंच वागावं. डेटाचे पैसे घ्या, पण आम्ही त्यात काय बघतो, कुणाला फोन लावतो, यावरून भाव आणि वेग बदलू नका. बस, एवढंच!

मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त मेल गेल्या. सरकारी कागदावर मत द्यायला इतके लोक? आम्ही ऑफिसात कटिंग चहाची पार्टी केली. पुढे ट्रायने त्या मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकल्या. (त्यावरून वेगळाच गदारोळ झाला.) मीही उत्साहाने चाळायला गेले. पाहते तर पानामागून पान... तोच मजकूर, तेच शब्द. लाखो माणसं एकाच आवाजात बोलत होती आणि त्यातली मी कोणती, हे मलाच सांगता येईना. जरा खट्टू झाले, पण चार दिवसांत विसरलेही.

मग आला डिसेंबर. ट्रायने दुसरा पेपर काढला होता. या वेळी प्रश्न फक्त चार, मुद्दा एकच : वेगवेगळ्या साइटला वेगवेगळे दर लावू द्यायचे का? तिकडे फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना जोरात होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सचं सिम असेल तर ठरावीक साइट फुकट. बाकीचं नेट हवं तर पैसे मोजा. फेसबुक उघडलं की समोर निरोप यायचा, फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या, ट्रायला कळवा. मी बसमध्ये उभी. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा मोकळा. गरिबांना फुकट इंटरनेट? द्या की! अंगठा टेकवला. झालं, मी शत्रुपक्षात सामील. आणि मला पत्ताच नाही.

पत्ता लागला तो अमरावतीकडे, मामाच्या गावी. नाताळच्या सुट्टीत गेले होते. मामा ओसरीवर पेपर घेऊन बसलेला. त्यात फ्री बेसिक्सची पानभर जाहिरात. त्या आठवड्यात देशभर या जाहिराती झळकत होत्या. पुढे झुकरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला, त्यातही महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती. म्हणजे सगळं चाललं होतं ते माझ्या मामासारख्यांच्या नावाने! एव्हाना मी ऑफिसातल्या पोराकडून बोलणी खाल्ली होती, त्यामुळे मी तावातावाने सांगायला लागले, की मामा, हे वाईट आहे.

मामाने चष्मा वर केला. ‘‘लोकाइले फुकट भेटून रायलं तं तुह्या पोटात काहून दुखते वं?’’

आली का पंचाईत! माझ्याकडे महिन्याला भरलेला डेटा पॅक, ऑफिसात वायफाय. मी कोणत्या तोंडाने सांगणार, की तुला फुकट मिळतंय ते घेऊ नकोस? मी आठवून आठवून बोलायला लागले. ती कॉपी-पेस्टवाली वाक्यं एकही आठवेना. कशी आठवणार? माझी होती कुठे ती?

शेवटी म्हटलं, ‘‘मामा, त्यात सगळं नाही मिळत. ते ठरवतील तेवढंच.’’

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘म्हंजे अडत्याच्या गाडीवानी.’’ त्याने सांगितलं ते असं. एका वर्षी एका अडत्याने माल न्यायला फुकट गाडी पाठवली. अट एकच, तूर त्याच्याच दुकानात उतरवायची. पहिल्या वर्षी सगळे खूश. दुसऱ्या वर्षी गावातला टेम्पोवाला धंदा सोडून गेला. तिसऱ्या वर्षी भाव अडत्या सांगेल तो! ‘‘गाडी फुकट होती वं,’’ मामा म्हणाला, ‘‘तूर नव्हती.’’

मी बघतच राहिले. ११८ पानं, एक व्हिडिओ, दहा लाख मेल... आणि मुद्दा कळला तो ओसरीवर.

ट्रायने मुदत ७ जानेवारीपर्यंत वाढवली होती. शेवटच्या संध्याकाळी मी ते चार प्रश्न वाचले. खरोखर वाचले, पहिल्यांदाच. आणि पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून मामाच्या तुरीची गोष्ट लिहिली. चाळीस मिनिटं लागली. व्याकरणाच्या चुका असतील. पण ती मेल माझी होती.

८ फेब्रुवारी २०१६ला निकाल लागला. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी. मोडली तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. फ्री बेसिक्सच्या बाजूनेही लाखो मेसेज गेले होते, त्यात एक माझा! पण त्या तयार मजकुरात ट्रायच्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. ट्रायने स्पष्ट सांगितलं, आम्ही मत मागवलंय, मतदान घेत नाही. नुसती डोकी मोजली असती तर काय झालं असतं, विचार करा.

अमेरिकेत तर यावर कडी झाली. २०१७ मध्ये तिथल्या आयोगाने याच विषयावर लोकांची मतं मागवली. सव्वादोन कोटींच्या आसपास आली. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने २०२१मध्ये सांगितलं, की त्यातली जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होती. काही कंपन्यांच्या पैशांनी तयार केलेली, तर सत्तर लाखांहून जास्त एकट्या १९ वर्षांच्या कॉलेजकुमाराने पाठवलेली, नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने! म्हणजे दोन्हीकडे गर्दीच गर्दी आणि माणूस शोधावा लागतो.

आपल्याकडे २०१८ मध्ये ही समानता कंपन्यांच्या लायसन्सच्या अटींतही आली. पण विषय मिटला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. २०२३ मध्ये ट्रायने मेसेजिंग अ‍ॅपना नियम लावण्याबाबत पुन्हा पेपर काढला. आणि मोठ्या अ‍ॅपनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, ही कंपन्यांची मागणी आहेच. अडत्या गाडीचा रंग बदलून पुन्हा येतो.

परवा ऑफिसच्या ग्रुपवर अशीच एक लिंक आली, ‘सही करा, पुढे पाठवा’. अंगठा पुढे गेला होता. मग थांबले आणि त्या पोराला (तो आता मॅनेजर झालाय, पोट सुटलंय) विचारलं, ‘‘वाचलंस का रे?’’

तो म्हणाला, ‘‘तू वाच आणि सांग ना.’’

वाचतेय. चाळीस मिनिटं लागतील. मामाला फोन करावा लागला, तर जरा जास्त.