गोष्ट लिहायला सवड कुठून आणायची?



शेतकऱ्याच्या घरात ‘सवड’ हा शब्द नावालाच असतो. पहाटे धार काढण्यापासून रात्री जनावरांपुढे वैरण टाकेपर्यंत पुरुषाचा दिवस सरतो. घरच्या बाईचा दिवस त्याच्या आधी सुरू होतो आणि त्याच्या नंतर संपतो. अशा घरात कुणी म्हणाले, ‘मला गोष्टी लिहायच्या आहेत,’ तर पहिला प्रश्न येतो, ‘कधी लिहिणार?’ दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, ‘आणि कशाला?’ आज या दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

पहिल्या प्रश्नासाठी आम्हा धारूरकरांना लांब जायला नको. शेजारी अंबाजोगाईला दासोपंतांची समाधी आहे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांची चाळीस हात लांब आणि चार हात रुंद कापडावर लिहिलेली पासोडी प्रसिद्ध आहे. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्या सांगितल्या जातात. एवढे लिहिणे एका माणसाच्या हातून कसे झाले? जुनी माणसे सांगत आली आहेत, की रोज एका ढब्बू पैशाची शाई संपेपर्यंत पंत लिहीत. गोष्ट खरी की लोकांनी रचलेली, ते सोडून द्या. तिच्यातला हिशेब मोलाचा आहे. रोजचे माप ठरले होते आणि ते रोज भरत होते.

पंतांचे लेखन अध्यात्माचे होते. कथा-कादंबरीवाल्यांचेही माप असेच असते. इंग्लंडात अँथनी ट्रॉलप नावाचा कादंबरीकार गेल्याच्या गेल्या शतकात होऊन गेला. हा पोस्ट खात्यातला नोकरदार. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. त्याला उठवून कॉफी आणून देणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. घड्याळ पुढे ठेवून पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द, असा त्याचा नेम होता. मग न्याहारी आणि दिवसाचे कामकाज. अशा रीतीने त्याच्या हातून सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या.

यावर कुणी म्हणेल, ‘साने गुरुजींनी तर “श्यामची आई” पाच दिवसांत लिहिली!’ खरे आहे. ९ फेब्रुवारी १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहायला घेतले आणि १३ तारखेला पुस्तक पुरे झाले. पण तुरुंगात गुरुजींना ना म्हैस होती, ना पाण्याची पाळी. सलग पाच दिवस मोकळे मिळतील तेव्हा लिहू, अशी वाट आपण पाहिली, तर नातवंडे मोठी होतील आणि वही कोरीच राहील.

आपल्या घरची परसबागच बघा ना. आठ दिवस वांग्याकडे ढुंकून पाहिले नाही आणि नवव्या दिवशी चार घागरी ओतल्या, तर रोप उभे राहत नाही. रोज मोरीचे पाणी अळूला, भांडी धुतलेले पाणी शेवग्याला, दोन मिनिटे कारल्याच्या वेलाला आधार, एवढ्यावर बाग पोसते. लिहिणेही तसेच. रोज अर्धे पान लिहा. महिन्यातले पाच दिवस लग्नकार्याला, बाजाराला, आजारपणाला सोडून द्या. पंचवीस दिवसांची साडेबारा पाने होतात. आठ महिन्यांत शंभर पाने झाली, म्हणजे एक लहानशी कादंबरी किंवा आठ-दहा कथा.

अर्ध्या पानाची वेळ मात्र रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाकावी. चहा झाल्यावर, पोरे शाळेत गेल्यावर, किंवा रात्री वीज येईपर्यंत मोटारीपाशी बसावे लागते तेव्हा. ‘जमेल तेव्हा’ म्हटले की ते जमत नाही. वही आणि पेन एकाच जागी असावे. शोधाशोधीतच वेळ जाऊ नये. उठताना उद्याचे पहिले वाक्य मनात ठरवून उठावे. खुरपताना, भाकरी थापताना, बैलांच्या मागे चालताना हात कामात असतात, डोके मोकळे असते. कथेतली माणसे पुढे काय बोलणार, हे तिथेच ठरते. वहीपाशी बसल्यावर फक्त उतरवायचे.

शेतीच्या दिवसांचा मानही ठेवला पाहिजे. पेरणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, ज्वारीची काढणी या दिवसांत अर्ध्या पानाचा हट्ट नको. चार ओळी लिहाव्यात, त्याही नाही झाल्या तर दोन. नेम मोडला नाही, एवढेच बघायचे. लिहिण्यापायी पिकाचे किंवा तापाने फणफणलेल्या लेकराचे हाल करणारा लेखक कुणाला हवा आहे? काही सोडायचेच असेल तर रात्रीची एखादी मालिका सोडावी, मोबाइल थोडा वेळ फडताळात ठेवावा.

लिहून झाल्यावर घाई नको. आपल्या बालाघाटातल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची तोड कधी करायची, हे इथल्या बायकांना सांगावे लागत नाही. डोळे उघडल्याशिवाय फळ तोडले तर ते पिकत नाही, काळे पडून दगडासारखे राहते. कथाही पंधरा दिवस पेटीत राहू द्यावी. मग घरातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणारा जिथे चुळबुळ करतो, तिथे कात्री लावावी. आणि गावातल्या माणसांवर लिहिताना नाव, आळी, भावकी बदलून टाकावी. आपल्या कथेपायी कुणाच्या दारात भांडण जाऊ नये.

आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. फलटणच्या बेबीताई कांबळे आपले लहानसे दुकान सांभाळत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेआड ठेवीत. वीस वर्षे त्यांनी ते लपवून ठेवले. पुढे ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन छापले गेले आणि मराठीच्या बाहेरही वाचले गेले. ती काही रचलेली कथा नव्हे, जगलेले आयुष्य आहे. पण प्रत्येक लिहित्या बाईच्या घराने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुनेने किंवा लेकीने वही लपवायची वेळ घरात येऊ देऊ नये. ती लिहीत असेल तेवढा अर्धा तास चहाचे आधण सासऱ्याने ठेवले, पाण्याची घागर नवऱ्याने आणली, तर कुणाची पत कमी होत नाही. आपण तालमीला जाणाऱ्या पोराला वेळ देतो, भजनाला जाणाऱ्या आजोबांना देतो, मग हिलाही द्यावा.

शेती आणि लिहिणे एका घरात नांदत नाही, असे कुणी म्हणत असेल, तर त्याला अजिंठ्याच्या डोंगराजवळचे पळसखेडे दाखवावे. ना. धों. महानोर तिथले. २०२३ मध्ये ते गेले. लोक त्यांना कवी म्हणून ओळखतात, पण त्यांनी ‘गांधारी’ ही कादंबरीही लिहिली. गावातच राहून त्यांनी कोरडवाहू जमिनीत फळबाग केली, सीताफळ लावले, पाणी अडवले. त्यांच्या शब्दांना मातीचा वास येतो तो उगाच नव्हे.

राहिला दुसरा प्रश्न : कशाला लिहायचे? दसरा-दिवाळी सरली की धारूर तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि संसार गाडीत भरून कारखान्याच्या वाटेला लागतो. मागे म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि परसातले एखादे शेवग्याचे झाड. फडात पहाटे मोळ्या बांधणारी बाई काय बोलते, कोपीत जन्मलेल्या लेकराचे नाव कसे ठेवतात, मागे राहिलेली आजी नातवाला काय सांगून झोपवते, हे बाहेरून आलेल्या माणसाला चार दिवसांत कळत नाही. ज्यांना कळते, त्यांना सवड नाही. म्हणून ते लिहिले जात नाही, आणि ती म्हातारी गेली की तिच्याबरोबर जाते.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. बाजारात टोमॅटोला भाव नाही म्हणून त्यांचा चिखल करणारा बाप त्या कथेत आहे. बाजारभावाचा कागद भाव सांगतो. त्या बापाला काय वाटले, ते कथेने सांगितले, आणि ज्यांनी कधी पाटी डोक्यावर घेतली नाही त्यांनाही ते कळले. आपल्या घरची, आपल्या डोंगराची अशी गोष्ट आपण नाही लिहिली, तर दुसरा कुणी ती आपल्यासाठी लिहून ठेवणार नाही.

तेव्हा मंडळी, पोराच्या जुन्या वहीतली मागची कोरी पाने काढा. आज रात्री जेवणे झाल्यावर अर्धे पान लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. उद्या आणखी अर्धे. पुढच्या पेरणीपर्यंत वही भरलेली असेल. ती घरात सगळ्यांच्या समोर, बियाण्याच्या पिशव्यांशेजारी ठेवा.