लॉगिन झाले, पण ओळख पटली का?

शाळेच्या संगणकावर तुम्ही आपले नाव आणि पासवर्ड टाइप करता आणि संगणक तुम्हाला आत घेतो. या एका कृतीत खरे तर दोन गोष्टी दडलेल्या असतात. तुम्ही सांगितलेले नाव तुमचेच आहे का, याची संगणक आधी शहानिशा करतो. तिला प्रमाणीकरण म्हणतात. मग त्या नावाने काम करण्याची तो मुभा देतो. हे झाले लॉगिन.

दोन्ही लागोपाठ घडतात, म्हणून ती एकच वाटतात. पण काही संगणकांवर नुसते 'विद्यार्थी' या नावावर क्लिक केले, की पासवर्ड न विचारताच काम सुरू होते. येथे लॉगिन आहे, प्रमाणीकरण नाही. उलट, मोबाइल सुरू करताच त्यातले सिमकार्ड आपल्यात साठवलेल्या गुप्त किल्लीच्या आधारे मोबाइलच्या जाळ्याला ओळख पटवून देते. येथे प्रमाणीकरण होते, पण तुम्ही लॉगिन केलेले नसते.

मग संगणकाला ओळख पटते ती कोणाची? तुमची नव्हे, तुम्ही दिलेल्या पुराव्याची! अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था केली. १९६१ साली तिचे प्रात्यक्षिक झाले. प्रत्येकाला पासवर्ड आणि ठरावीक वेळ मिळे. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला तो वेळ पुरेना. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने लॉगिन केले. नाव बरोबर, पासवर्डही बरोबर. माणूस तेवढा दुसराच!

म्हणूनच, 'संगणकाच्या नोंदीत तुझे नाव आहे, तेव्हा हे तूच केलेस' असा निवाडा कोणी करू नये, असे मला वाटते. त्या नावाचा पुरावा कोणीतरी दिला, इतकेच ती नोंद सांगते. लॉगिन करून तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि दुसरा कोणी त्या खुर्चीत बसला, तर संगणकाच्या लेखी तोही तुम्हीच!

तुम्ही म्हणाल, अशाने चूक करणारा प्रत्येक जण हात झटकून मोकळा होईल. तसे नाही. नोंदीपासून चौकशी सुरू जरूर करावी, पण तेथेच ती संपवू नये. आणि आपल्या नावाचा पुरावा जपणे हे आपलेही काम आहेच. एटीएम यंत्र कार्ड आणि पिन असे दोन पुरावे मागते, ते उगीच नव्हे. एक चोरीला गेला, तरी दुसरा आड येतो. पण दोन्ही आपणच दुसऱ्याच्या हाती दिले, तर यंत्र काय करणार?

तेव्हा मित्राला हवी तर आपली वही द्या, पासवर्ड मात्र देऊ नका. आणि संगणकापुढून उठताना लॉगआउट करायला विसरू नका.