नावापुरते अभयारण्य

पहाटे येरवड्याच्या बाजूने मुळा-मुठेच्या काठावर उतरले की आधी वास येतो, मग पक्षी दिसू लागतात. काळ्या पाण्यात शेकाट्या काटकुळ्या गुलाबी पायांवर उभा राहून चिखल टोचत असतो. हळदी-कुंकू बदकांची जोडी जलपर्णीच्या कडेने सरकते. वाळुंजाच्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसलेला. त्याच फांद्यांवर गेल्या पुराने अडकवलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या लोंबतात आणि मागे, पार बुंध्यांपर्यंत, फुटक्या फरश्या-विटांचा राडारोडा येऊन टेकला आहे.

पुणेकर या जागेला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते अभयारण्य नाही. खरा घात इथेच आहे. फलकावरचे नाव वाचून लोक निर्धास्त होतात आणि उद्या जेसीबी आला, तर तो अडवायला हातात कागद नसतो.

याउलट ठाणे खाडीच्या खारफुटीला आणि रोहित पक्ष्यांना २०१५ साली अधिसूचित अभयारण्याचे कवच मिळाले, २०२२ मध्ये रामसरच्या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत स्थानही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटी तोडण्यास मनाई केली. खाडीवरची संकटे टळलेली नाहीत, पण लढणाऱ्यांच्या पाठीशी कायदा आहे. किनाऱ्यावर खारफुटी जे करते, तेच नदीकाठी वाळुंज, करंज आणि उंबर करतात: माती धरून ठेवतात, पुराचा जोर मोडतात, घरट्यांना आसरा देतात. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यातल्या एकतानगरीतल्या घरांत मुठेचे पाणी शिरले. नदीची जागा आक्रसली की काय होते, हे सांगायला आता तज्ज्ञ लागत नाही.

महापालिकेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी झाले. २९ एप्रिल २०२३ रोजी झाडे वाचवण्यासाठी पुणेकर चिपको म्हणत रस्त्यावर उतरले. त्या हाकेला उत्तर द्यायचे, तर सलीम अली अभयारण्याचा हा टापू प्रकल्पातून पूर्णपणे वगळा. भराव टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा. वन विभागाने मोजणी करून अधिसूचनेचा प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवावा. हिवाळ्यात थापट्या बदके हिमालय ओलांडून इकडे येतात. त्यांचा पहिला थवा उतरण्याआधी हा राडारोडा उचललेला हवा.