एकोणतीस फेब्रुवारीची पावती

मी डहाणूच्या शाखेत अधिकारी होतो, तेव्हाची म्हणजे 1997 सालची गोष्ट. तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक वारली बाई मुदत ठेवीची पावती घेऊन आली. चिकूच्या वाडीतल्या मजुरीतून साठवलेले ते पैसे मुलीच्या लग्नाला हवे होते. ठेव 29 फेब्रुवारी 1996 ची, एका वर्षासाठी. आमच्या नव्याकोऱ्या संगणकाने मुदत संपण्याची तारीख काढली 29 फेब्रुवारी 1997! आणि मग अशी तारीखच नाही म्हणून पैसे द्यायला साफ नकार दिला. बाईचे दोन हेलपाटे झाले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. ‘‘तारीक तुमीच लिवली ना, सायेब?’’ एवढेच ती म्हणाली. शेवटी हाताने व्हाउचर लिहून आम्ही पैसे दिले.

चाचणी झाली नव्हती असे नाही. मनाला येतील त्या तारखा आम्ही घालून पाहिल्या होत्या. पण चार वर्षांचे दिवस 1461. चिठ्ठ्या टाकून शंभर तारखा उचलल्या तरी नेमकी ती एक हाती लागण्याची शक्यता शेकडा सातही नाही.

म्हणून चिठ्ठ्यांची पद्धत टाकाऊ ठरत नाही. 1988 साली अमेरिकेतले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. तारेतल्या खरखरीमुळे भलतीच अक्षरे शिरली आणि रोजच्या वापरातले प्रोग्राम कोलमडले. मग त्यांनी विद्यार्थ्यांकडून मुद्दामच असा मारा करवला. तपासलेल्यांपैकी निदान चौथा हिस्सा प्रोग्राम आडवे झाले.

पुढची सुधारणा समजायला प्रवासी बॅगेचे चार चाकांचे आकडी कुलूप आठवा. आंधळेपणाने फिरवले तर 10,000 जोड्या. पण प्रत्येक चाक बरोबर आकड्यावर येताच ‘टक्’ असा आवाज झाला, तर फार तर 40 प्रयत्न. मिखाल झालेव्स्की यांनी 2013 साली आणलेले चाचणीचे साधन असा ‘टक्’ ऐकते. एखाद्या नोंदीने प्रोग्राम नव्या वाटेने गेला, की ती नोंद जपून ठेवायची आणि तीच थोडी थोडी बदलून पुढे सारायची. दुर्मीळ चूक अशी टप्प्याटप्प्याने हाती येते.

पण जी वाट प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आली नाही, तिथून ‘टक्’ कसा येणार? तिथे फासा मुद्दाम एका बाजूला जड करावा लागतो. शून्य रक्कम, 31 मार्च, 29 फेब्रुवारी, आडनाव नसलेला माणूस, कष्टाने झिजलेला अंगठा, असे नमुने चिठ्ठ्यांत जास्त घालावे लागतात. ते मुंबईच्या वातानुकूलित खोलीत सुचत नाहीत. काउंटरवरच्या कारकुनाला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला मात्र तोंडपाठ असतात.

आज रेशन, पेन्शन, मजुरी सारेच यंत्राच्या हाती आहे. लाखात एकदा होणारी चूक आपण क्षुल्लक मानतो. पण ती ज्याच्या वाट्याला येते त्याच्यासाठी ती शंभर टक्के असते, आणि ती बहुधा त्याच्याच वाट्याला येते, ज्याला दुसरा हेलपाटा परवडत नाही. ती वारली बाई आमची सर्वांत चांगली तपासनीस होती. फक्त तपासणीचा खर्च तिने स्वतःच्या मजुरीतून भरला. तो बँकेने आधीच भरायला हवा होता.